कोणी बांधून थोडंच नेलंय?

परवा रात्री नऊ-साडेनऊला चौकातल्या टपरीवर चहा घेत उभा होतो. समोरून एकामागून एक ट्रॅक्टर चालले होते. प्रत्येकामागं दोन ट्रॉल्या. ट्रॉलीत सरपण, पत्र्याच्या पेट्या, पाण्याचे ड्रम, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, एका कोपऱ्यात बांधलेली शेळी, आणि या सगळ्याच्या वर माणसं. एक तान्हं लेकरू आईच्या पदराखाली झोपलेलं. दसरा-दिवाळीच्या आगेमागे आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं हे दरवर्षीचं चित्र. बीड जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

शेजारी ओळखीचे एक गुरुजी उभे होते. सज्जन माणूस, माझ्या पोस्टी वाचणारे. मी जरा हळहळलो तर म्हणाले, "तुम्ही पत्रकार लोक उगं रडता राव. कोणी बांधून थोडंच नेलंय त्यांना? लाख-लाख रुपये आधी मोजून घेतलेत. आपल्या मर्जीनं चाललेत. आम्हाला कोण देतं पगार आधी?"

मी चहाचे पैसे दिले आणि घरी आलो. उत्तर सुचलं नाही. वीस वर्षं या विषयाच्या बातम्या करतोय, पण हा प्रश्न असा सरळ स्वतःला कधी विचारला नव्हता. मजुरी मिळते, तीही आगाऊ. कागदावर सही स्वतःची. मग तक्रार कशाची? दोन दिवस तेच डोक्यात होतं. म्हणून लिहितोय. पोस्ट लांबलीय, पण वाचा.

आधी हिशेब मांडू.

माझा एक वर्गमित्र आहे. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. मी पुढं पत्रकारितेचा डिप्लोमा करून पेपरात लागलो, तो कोयत्याला लागला. नाव लिहीत नाही, कारण त्याला पुढच्या वर्षीही त्याच मुकादमाच्या दारात उभं राहायचंय. यंदा त्यानं एक लाख उचल घेतली. नवरा-बायको मिळून एक कोयता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडं जोडप्याला 'एक कोयता' म्हणतात आणि एकट्या माणसाला 'अर्धा कोयता'. माणूस मोजायचं मापच अवजार आहे.

जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड कामगार संघटना यांच्यात तीन वर्षांचा करार झाला. मजुरीत ३४ टक्के वाढ. तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांच्या आसपास होता तो साधारण ३६६ झाला. वाढ चांगली होती, मीच तेव्हा चार कॉलम बातमी केली होती. आता हा दर घेऊन माझ्या मित्राच्या वहीत बसू.

ऊस उभा असेल, फड जवळ असेल, अंगात ताप नसेल, तर एक जोडी दिवसाला दोन टन ऊस तोडून, मोळ्या बांधून गाडीत भरते. म्हणजे ७३२ रुपये. एक लाख फेडायला असे १३७ दिवस लागतात. हंगाम किती दिवसांचा? शंभर-सव्वाशे दिवस चालला तर चांगला म्हणायचा. २०२४-२५ ला विधानसभा निवडणुकीमुळं कारखाने उशिरा पेटले आणि ऊस कमी असल्यानं मार्चपर्यंत बहुतेकांचे पट्टे पडलेसुद्धा. शंभर दिवस धरले तर हातात पडतात ७३,२०० रुपये. त्या शंभर दिवसांत खायला लागतं. त्यासाठी मुकादम आठवड्याला खर्ची देतो, तीही नावावर चढते. आठवड्याला हजार धरली तरी चौदा हजार. म्हणजे शंभर दिवस राबून वहीत बाकी उरते ४०,८०० रुपये. वाढं विकून चार पैसे सुटतात, ते चहा-साखरेत आणि लेकराच्या खोकल्याच्या औषधात जातात.

ही बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत धरली जाते. म्हणजे पुढच्या वर्षी लाख घेतले असं कागदावर दिसेल, हातात साठ हजारच पडतील.

दिवसाचे ७३२ म्हणजे माणशी ३६६. काम पहाटे चारला सुरू होतं, संध्याकाळी गाडी भरेपर्यंत चालतं. कधी गाडी रात्री अकराला येते, मग तेव्हा भरायची. तेरा तास धरले तर तासाला २८ रुपये. रोजगार हमीचा आपल्या राज्याचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्यात रात्री अकराला कोणी उठवत नाही.

आता मर्जीचं बघू. गुरुजींचा खरा मुद्दा तोच होता.

मित्रानं उचल घेतली आषाढात. तेव्हा कारखाना बंद, शेतात पेरणी उरकलेली, घरात दाणा-पैसा नाही. त्यात त्याची आई पडली, मांडीचं हाड मोडलं. खासगी दवाखान्यानं सत्तर हजार सांगितले. त्याच्याकडं दीड एकर कोरडवाहू, तीही चार भावांत सामाईक सातबाऱ्यावर. बँकेत गेला तर मॅनेजरनं कागदांची यादी हातात दिली. बचत गटाचं एक कर्ज आधीच अंगावर. सावकार महिन्याला शेकडा पाच मागत होता. आणि मुकादम रात्री आठ वाजता घरी आला, पिशवीतून एक लाख काढून ओट्यावर ठेवले. दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन स्टॅम्प पेपरवर सही.

मर्जी होती का? होती. कोणी कॉलर धरली नव्हती. पण मर्जी म्हणजे दोन वाटांतली एक निवडणं. त्याच्यापुढं वाटच एक होती. आई तशीच पडू द्यायची हीसुद्धा वाट आहे असं कोणी म्हणत असेल तर त्याच्याशी मला वाद घालायचा नाही.

गुरुजी, तुमच्या पगाराचं आणि या उचलीचं नातं लावू नका. तुम्ही घराचं कर्ज काढलंय. बँक हप्ता कापते, पण बँक असं म्हणत नाही की कर्ज फिटेपर्यंत याच शाळेत शिकवायचं, आम्ही ठरवू त्या पगारावर, आणि रजा टाकली तर दंड. उद्या तुम्हाला दुसरीकडं चांगली नोकरी मिळाली तर तुम्ही जाल, हप्ता तिथून भराल. माझ्या मित्राला शेजारच्या कारखान्याची टोळी जास्त पैसे देत असली तरी जाता येत नाही. त्याचं कर्ज पैशानं नाही, अंगानं फेडायचंय. तेही ठरलेल्या फडात, दुसऱ्यानं ठरवलेल्या दरानं. ही उचल मजुरी नव्हे, तारण ठेवून दिलेलं कर्ज आहे, आणि तारण म्हणून माणूस ठेवलाय.

दोन वर्षांपूर्वी हंगामात त्याचा चुलता वारला. त्यानं सुट्टी मागितली. मुकादम म्हणाला, "तू जा, तिसऱ्याचं करून ये. बायको-लेकरं राहू दे कोपीवर." तो एकटा आला. मातीला मीही होतो. मी विचारलं, वहिनी नाही आल्या? तो म्हणाला, "ती तिथं ठिवलीय." 'राहिली' नाही म्हणाला, 'ठिवलीय' म्हणाला. तो शब्द माझ्या कानातून अजून जात नाही.

आणि त्या वहिनींचं काय? स्टॅम्प पेपरवर सही नवऱ्याची. उचल नवऱ्याच्या हातात. पण कोयता मोजला जातो दोघांचा. म्हणजे निम्मं काम जिच्या अंगावर आहे तिची मर्जी कोणी विचारलेलीच नाही. पहाटे तीनला उठून भाकरी थापायच्या, मग फड, मग डोक्यावर मोळी, रात्री परत चूल. एक दिवस आजारी पडली की खाडा. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड चढतो. पाळीच्या दिवसांत फडात ना आडोसा ना पाणी.

२०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीसाठी आपल्या जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. सहा बायांमागं एक. आमच्याकडं बाया सहज बोलून जातात, "पिशवी काढून टाकली, कटकट गेली." याही ऑपरेशनच्या कागदावर मर्जीची सही असते. तिलाही कोणी बांधून नेलेलं नसतं. खाडा परवडत नाही, दवाखाना परवडत नाही, डॉक्टर भीती घालतो, आणि बाई स्वतःहून हो म्हणते. ऑपरेशनलाही परत उचलच घ्यावी लागते. या सहीला मर्जी म्हणायचं असेल तर मग जबरदस्ती कशाला म्हणायचं, तेवढं मला कोणीतरी सांगावं.

कायदा काय म्हणतो? ही गोष्ट आपल्या लोकांना फार कमी माहीत आहे.

१९८२ साली दिल्लीत एशियाड झालं. स्टेडियम, पूल, हॉटेलं बांधायला देशभरातून मजूर नेले. किमान वेतन होतं दिवसाला सव्वानऊ रुपये. मजूर आणणारे जमादार त्यातला एक रुपया कमिशन कापून घ्यायचे, मजुराच्या हातात सव्वाआठ. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सरकारी बाजूचं म्हणणं साधारण गुरुजींसारखंच. काम ठेकेदारांचं, मजुरांशी आमचा थेट संबंध नाही. न्यायमूर्ती भगवतींच्या पीठानं निकाल दिला की, घटनेच्या कलम २३ मध्ये वेठबिगारीला बंदी आहे आणि वेठ म्हणजे फक्त चाबूक दाखवून घेतलेलं काम नव्हे. भूक आणि गरिबीच्या रेट्यानं माणसाला दुसरी वाटच उरत नाही, तेव्हा तो रेटासुद्धा बळजबरीच. किमान वेतनाहून कमी पैशात कोणी राबत असेल तर तो अशाच रेट्याखाली राबतोय असं मानावं. आणि ठेकेदाराकडं बोट दाखवून मूळ काम देणाऱ्याला हात झटकता येणार नाहीत.

त्याच्याही आधी १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा आहे. आगाऊ रक्कम घेतली म्हणून ज्याचं दुसरीकडं काम करण्याचं किंवा मोकळं फिरण्याचं स्वातंत्र्य जातं, तो वेठबिगार. ते कर्ज कायद्यानं रद्द. अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर. आता 'ती तिथं ठिवलीय' हे वाक्य या कायद्याशेजारी ठेवून बघा.

आणि त्याच्याही आधी १९३८ साल. मुंबई विधिमंडळात औद्योगिक कलह विधेयक आलं, संपावर बंधनं घालणारं. बाबासाहेब आंबेडकर विरोधात उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं की संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव. न पटणाऱ्या अटींवर काम करायला माणूस नकार देतो, त्याला तुम्ही गुन्हा ठरवलंत तर त्याला गुलाम केलंत. ज्या समाजाला जन्मानं कामं वाटून दिलेली होती, बदल्यात वतन आणि बलुतं 'मिळत' होतं, त्या समाजातून आलेला माणूस हे बोलत होता. मोबदला मिळतो म्हणून काम मोकळं होत नाही, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती.

दोन दिवसांनी मला गुरुजींच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं ते इथं. माणूस 'हो' म्हणाला का, हे विचारून काही कळत नाही. तो 'नाही' म्हणू शकला असता का, हे विचारायचं.

आता दुसरी बाजू. ती मांडली नाही तर मुकादम मंडळी मला चौकात गाठतील, आणि त्यांचंही अगदीच खोटं नाही.

मुकादमही बुडतो. कारखाना वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार मुकादमाला पैसे देतो, मुकादम मजुराला. एखादी जोडी दोन-दोन मुकादमांकडून उचल घेऊन तिसरीकडंच निघून जाते. मग वाहतूकदार मुकादमाच्या दारात, ट्रॅक्टरचे हप्ते थकलेले. पश्चिम महाराष्ट्रातल्या ट्रॅक्टरवाल्यांचे लाखो रुपये असे अडकलेत. गावात एका मुकादमानं उचल बुडाली म्हणून जमीन विकलेली मी पाहिली आहे. बरेचसे मुकादम काल-परवापर्यंत स्वतः कोयता धरणारेच होते.

पण या साखळीत बघा, कारखाना कुठंच नाही. त्याच्या मस्टरवर मजुराचं नाव नाही. ऊस त्याचा, साखर त्याची, वजनकाटा त्याचा. माणूस मात्र मुकादमाचा. बुडवाबुडवी झाली की गरीब गरिबाची मानगूट धरतो. कारखाना म्हणतो, आमचा संबंध नाही. दिल्लीतले एशियाडवाले हेच म्हणत होते.

कोणी म्हणेल, जास्त ताणलं तर हार्वेस्टर येतील. येतच आहेत. आणि मशीन आलं, इथं हाताला काम नाही आलं, तर माझा मित्र मोकळा होईल पण उपाशी राहील, हेही खरं. म्हणून मी उचल बंद करा असं म्हणत नाही. उद्या उचल बंद झाली तर आषाढात ओट्यावर लाख रुपये कोण ठेवणार?

इथं एक कबुलीही देऊन टाकतो.

दहाएक वर्षांपूर्वी एका रात्री मला फोन आला. आमच्याच भागातलं एक कुटुंब, पट्टा पडूनही घरी आलेलं नव्हतं. बाकी फिटली नाही म्हणून तिकडं एका शेतातल्या शेडमध्ये ठेवून घेतलेलं. पोलिसांत गेलं तर 'देण्याघेण्याचा वाद आहे, आपसात मिटवा.' मी बातमी केली. सगळी नावं, गट नंबर, फोटोसुद्धा होता. पाठवली. त्या आठवड्यात त्याच भागातल्या एका कारखान्याची पानभर जाहिरात होती. वरून निरोप आला, नंतर घेऊ. ते नंतर कधी आलंच नाही. कुटुंब सुटलं ते भावकीनं बैलजोडी विकली तेव्हा.

मी तेव्हा राजीनामा दिला नाही. तालुका वार्ताहराचं मानधन किती असतं ते इथल्या पत्रकार मित्रांना माहीत आहे. घर चालतं जाहिरातीच्या कमिशनवर. पंधरा ऑगस्ट, दिवाळी, नेत्याचा वाढदिवस, टार्गेट ठरलेलं. पोरीच्या शाळेची फी भरायची होती. मी गप्प बसलो. मलाही कोणी बांधलेलं नव्हतं.

माझी आणि मित्राची बरोबरी करत नाहीये. माझ्या हातावर पाचटाचे काप नाहीत. पण 'मर्जीनं' या शब्दाच्या आत काय काय दडलेलं असतं, ते मला तेव्हापासून थोडंफार कळतं.

मग करायचं काय? मोठमोठ्या मागण्या निवडणुकीत होतच असतात. मला चारच गोष्टी दिसतात, आणि त्यातली पहिली सगळ्यात महत्त्वाची.

एक. आषाढातलं कर्ज मुकादमाच्या हातून काढा. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे. टनामागं दहा रुपये कारखान्यांनी द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे असं ठरलंय. चांगल्या हंगामात राज्यात दहा कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला जातो. म्हणजे वर्षाला दोनशे कोटी रुपये. यातून आषाढ-श्रावणात दवाखान्याला, पेरणीला, लेकराच्या फीला पन्नास हजारांचं साधं कर्ज द्या. हप्त्यानं फेडायचं, कुठंही काम करून. ज्याच्या घरात आषाढ निभतो, तो मुकादमाशी दसऱ्याला वेगळ्या आवाजात बोलतो.

दोन. करार कारखान्यानं मजुराशी करावा, लेखी, नवरा आणि बायको दोघांच्या नावानं. पैसे दोघांच्या खात्यात निम्मे-निम्मे. काट्याची पावती मजुराच्या हातात. आज किती टन तोडला हे त्याला मुकादमाच्या वहीतून कळतं.

तीन. खाडा बंद. काम नाही तर मजुरी नाही, एवढं पुरे. वर दंड कशाचा?

चार. पावसाळ्यात गावात रोजगार हमीची कामं आणि त्याचे पैसे वेळेवर. ७२ च्या दुष्काळात या राज्यानं हमी दिली, पुढं १९७७ ला कायदा केला, देशाला वाट दाखवली. आज आमच्या गावात काम मागणाऱ्याला आधी 'पोर्टल बंद आहे' ऐकावं लागतं. पैसे दोन-दोन महिन्यांनी येतात. पोट तेवढं थांबत नाही.

आणि जे आज, या आठवड्यात होऊ शकतं ते आपल्यासाठी. तुमच्या गावातून गाड्या निघायच्या असतील तर ग्रामसेवकाला गाठा. स्थलांतराआधी नोंद करून ओळखपत्र द्यायचा शासनाचा निर्णय आहे, फुकट आहे. लेकरं आजीकडं राहणार असतील तर हंगामी वसतिगृहाच्या यादीत नाव आहे का ते शाळेत विचारा. गुरुजी, हे तुम्ही करू शकता, आणि मला माहीत आहे तुम्ही कराल. उचलीच्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवायला सांगा. कोणाला अडकवून ठेवलं तर 'देण्याघेण्याचा वाद' हे उत्तर ऐकून घरी येऊ नका, तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांकडं लेखी अर्ज द्या, १९७६ च्या कायद्याचं नाव घालून. अर्ज लिहून हवा असेल तर मी लिहून देतो. या वेळी 'नंतर घेऊ' म्हणणारा कोणी मध्ये नाही, ही भिंत माझी आहे.

काल मित्राला फोन केला. तोही त्याच रात्री चौकातून गेला होता, दुसऱ्या की तिसऱ्या ट्रॅक्टरवर. मी दिसलो होतो त्याला. म्हणाला, "हाक मारणार होतो, पर तू कुणाशी तरी बोलत व्हतास." आई आता काठी घेऊन चालते, गावी आहे, धाकटी पोरगी तिच्यापाशी. फडात बसलेत, उद्यापासून तोड सुरू. मी विचारलं, पुढच्या वर्षी नाही गेलास तर?

तो हसला. "बाकी कोण फेडंल, तू?"